गुडघ्याचं निमित्त

"तू इकडे कशी?" कुमुदताईंनी विचारलं आणि हाताला लागलं ते मासिक उघडून तोंडापुढे धरलं. मासिक बाळंतिणीच्या आहाराबद्दल होतं. कुमुदताई तेव्हा साठी ओलांडून बसल्या होत्या.

"मामेबहिणीला घेऊन आलेय," मी म्हटलं.

"कुठाय ती?"

"येतेय मागून. आणि तुम्ही?"

"आमच्या ह्यांचा गुडघा."

त्यांच्या ह्यांचाही कुठे पत्ता नव्हता. मिरजेतल्या त्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आम्ही दोघी दोन खुर्च्या सोडून बसलो आणि न आलेल्या दोन माणसांची वाट बघत राहिलो. सांगलीत गुडघ्याचे डॉक्टर नव्हते असं नाही. पण सांगलीत दवाखान्याची पायरी चढावी आणि संध्याकाळी सरावाला सगळ्यांनी "कसं आहे गं आता?" म्हणून विचारावं, हे मला परवडणारं नव्हतं. ताईंनाही तेच परवडणारं नव्हतं, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

आतून एक मुलगी आली. "कुमुद बापट आणि उल्का पाटणकर, दोघी एकदमच या. डॉक्टर म्हणतात, दुखणं एकच आहे, दोनदा कशाला सांगायचं!"

ताई उठल्या. उठताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघालं, ते त्यांनी खोकल्यात बुडवलं. मी उठताना दात आवळले. मग आम्ही एकमेकींकडे न बघता आत गेलो.

आमचा मंगळागौरीच्या खेळांचा ग्रुप होता, सौदामिनी नावाचा. सौदामिनी म्हणजे वीज. सरासरी वय बावन्न. श्रावणात नव्या नवरीच्या घरची मंगळागौर जागवायला आम्हाला बोलावणी येत. फुगड्या, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं, सगळं आम्ही नऊवारी नेसून दणक्यात करत असू. ताई आमच्या प्रमुख. एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळेनं त्यांना सोडलं तरी त्यांनी शिट्टी सोडली नव्हती.

आमच्या ग्रुपचा कुठे न लिहिलेला एक कायदा होता. जिचा गुडघा गेला ती रांगेत गेली. रांग म्हणजे गाणाऱ्यांची रांग. बाजूला सतरंजीवर बसायचं, झांज वाजवायची आणि नाचणाऱ्यांना चाल पुरवायची. आमच्यात तिघी अशा बसल्या होत्या. त्यांच्याशी सगळ्या फार प्रेमानं वागत, त्यांना आधी चहा देत, "तुमच्याशिवाय शोभा नाही हो" असंही म्हणत. पण एकदा रांगेत गेलेली बाई पुन्हा रिंगणात आली, असं कधी झालं नाही. त्यामुळे आमच्यात कुणाचंच काही दुखत नसे.

माझी बसफुगडी होती. बसफुगडी म्हणजे दोघींनी समोरासमोर उकिडवं बसायचं, हात धरायचे आणि बसल्या बसल्याच एकेक पाय पुढे फेकत उड्या मारायच्या. ऐकायला सोपं वाटतं. घरी दार लावून करून बघावं. माझी जोडीदारीण वैजू, वैजयंती साठ्ये. आम्ही दोघी खेळायला बसलो की पोरीबाळी मोबाइल काढत. प्रभाकर गेल्यावर चार महिन्यांनी मी सरावाला परत गेले ती ह्या फुगडीसाठीच. घरात दिवसभर मी त्यांची बायको होते, नसलेल्या माणसाची बायको. फुगडीत तेवढा वेळ नुसती उल्का असे. ती फुगडी गेली असती तर माझ्याजवळ काय राहिलं असतं, हा विचार मी करत नसे, कारण उत्तर मला माहीत होतं.

आत मगदूम डॉक्टर होते, तिशीतले, दाढीवाले. त्यांनी आमच्या गुडघ्याच्या वाटीखाली अंगठा दाबला. दोघी एकाच सुरात ओरडलो.

"इथं एक जाड दोर असतो," ते म्हणाले. "मांडीच्या स्नायूची ओढ नडगीच्या हाडापर्यंत नेतो. उड्या मारणाऱ्यांचा हा दुखावतो. व्हॉलीबॉलवाल्या पोरांचा बघतो मी नेहमी. तुम्ही काय खेळता?"

"मंगळागौर," ताई म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत, ह्याबद्दल मी त्यांना आजही मानते. "उकिडवं बसून उड्या? मग बरोबर आहे. हल्ली श्रावण जवळ आला की सांगलीच्या बायका फार येतात," ते म्हणाले. हे वाक्य मी कानाआड केलं. चांगलं ऐकलं असतं तर पुढचं बरंच आधी कळलं असतं.

मग त्यांनी ती पट्टी दाखवली. ताणली जाणारी, मागून चिकट, रिबिनीसारखी. टोकांना ताण द्यायचा नाही, मधल्या भागाला द्यायचा, वाटीच्या खालून आडवी न्यायची आणि दोन्ही बाजूंनी वर. "पण एक लक्षात घ्या," ते म्हणाले. "ही लावली की काहींना दुखणं थोडा वेळ कमी वाटतं. काहींना तेही नाही. बरं करत नाही ही. बरं व्हायचं तर व्यायाम. हळूहळू खुर्चीत बसणं, हळूहळू उठणं, पायरीवरून एका पायानं सावकाश उतरणं, रोज, काही महिने. आणि तोवर त्या उड्या कमी."

"रंग कुठले आहेत?" ताईंनी विचारलं.

"काय?"

"पट्टीत हो. निळा नको. पुरुषी दिसतो."

"रंगानं काही फरक पडत नाही, मावशी."

"नाही ना पडत? मग पोपटी द्या. श्रावण येतोय."

मी अंगाच्या रंगाची घेतली. व्यायामाचा कागद आम्ही दोघींनी नीट घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तो तिथंच शांतपणे राहिला. आपल्याला औषध सांगितलं की आपण त्यातलं गोड तेवढं घेतो, कडू घरच्यांना सांगतो.

बाहेर रिक्षात बसताना ताईंनी माझा हात दाबला. "उल्का, हे तुझ्यामाझ्यात. झाकली मूठ."

"सव्वा लाखाची," मी म्हटलं.

त्या वर्षी आम्ही स्पर्धेत उतरलो होतो. शहरातल्या एका सराफी पेढीच्या मालकीणबाईंनी भरवलेली मोठी स्पर्धा. त्यांना सगळे वहिनीसाहेब म्हणत. विश्रामबागेतल्या मंगल कार्यालयात, रविवारी दुपारी. ताईंनी शेवटच्या खेळाची कल्पना काढली होती. सगळ्या जणी जोड्या करून एकदमच बसफुगडी घालणार, आणि गाणं थांबलं की उकिडव्याच राहून प्रेक्षकांना हात जोडणार. मधोमध ताई. वीज पडावी तसा परिणाम व्हायला हवा, असं त्या म्हणाल्या. पडणार कोणावर, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मी पट्टी लावून सराव करत होते. पहिल्या दिवशी खरंच बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बरं वाटल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी पट्टी तेवढी घट्ट होती, बाकी सगळं होतं तसंच होतं. मग मी अक्कल चालवली. थोड्या ताणानं थोडं बरं वाटतं, तर सगळ्या ताणानं सगळं बरं वाटेल. चांगली खेचून लावली. रात्री काढली तर खाली फोड. डॉक्टरांनी टोकं ताणू नका म्हटलं होतं, तर मी टोकापासून टोकापर्यंत ताणली होती.

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात ताईंनी सरावाला शिट्टी वाजवून सगळ्यांना गोल बसवलं. आवाज असा मऊ केला की मला तिथंच शंका आली. मुख्याध्यापिकेचा आवाज मऊ झाला की कुणाचा तरी दाखला तयार असतो.

"एक सांगायचं होतं," त्या म्हणाल्या. "उल्का स्वतः बोलणार नाही, तिचा स्वभाव मला माहीत आहे. पण तिचा गुडघा फार दुखतोय. मिरजेला दाखवून आलीय ती. आपल्या खेळापेक्षा आपली मैत्रीण मोठी. तेव्हा ह्या खेपेला उल्का रांगेत बसेल आणि वैजूबरोबर आपली नवी ऋजुता फुगडी घालेल."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. "अगं बाई!" "बोलली नाहीस ते!" "जप हो!" रांगेतल्या तिघींनी तर सतरंजीवर सरकून मला जागाही केली. मला भरून वगैरे काही आलं नाही. संताप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण ती दोघींची होती आणि ताईंनी उघडली ती फक्त माझी बोटं.

मी बोलणार होते. पोपटी रंग अगदी जिभेवर आला होता. पण शब्द दिला होता, आणि माझ्या आईनं एक वाईट सवय लावली होती, दिलेला शब्द पाळायची. मी दुसरीकडून निघाले.

"ताई, गुडघा दुखतो खरा. पट्टी लावते मी. बघा." मी लुगडं वर ओढून गुडघा उघडा केला. "तर मग असा नियम करू या. जिच्या गुडघ्याला पट्टी तिनं रांगेत बसायचं. सगळ्यांच्या काळजीपोटी. चालेल?"

"चालेल की," ताई म्हणाल्या. घाई झाली त्यांना.

मग वैजू उठली. तिनं लुगडं वर केलं. गुलाबी पट्टी, पट्टीच्या टोकाला कात्रीनं केलेली महिरप. "मी पण आले रांगेत," ती म्हणाली आणि सतरंजीवर जाऊन बसली.

"वैजू, तू?"

"जानेवारीपासून. तुला सांगणार होते, पण तू मला काढून दुसरी जोडीदारीण घेतली असतीस तर?"

मग सुलभा उठली, निळी पट्टी. मग मंगल, दोन्ही गुडघ्यांना. मग जोशीकाकू, त्यांनी तर पट्टीखाली हळद-तेल चोपडलं होतं, त्यामुळे पट्टी गुडघ्यावरून निसटून पोटरीला जाऊन बसली होती आणि त्यांचं म्हणणं होतं की आता पोटरी बरी आहे. एकीनं सांगितलं, "मी आज लावलेली नाही, पर्समध्ये आहे, धरायची का?" रांगेतल्या म्हाताऱ्या "सरका गं, सरका" करत भिंतीला टेकल्या. सगळ्यांचा डॉक्टर एकच, मिरजेचा. सगळ्यांची मामेबहीण मागून येत होती.

रिंगणात उरल्या दोघी. ऋजुता, वय एकोणतीस, रोज व्यायामशाळेत जाणारी. आणि कुमुदताई, लुगड्याच्या काठाला दोन्ही हातांनी घट्ट धरून.

"ताई," वैजू सतरंजीवरून म्हणाली, "तुमचं पोपटी दिसतंय. बरेच दिवस झाले. आम्ही म्हटलं, लुगड्याला मॅचिंग असेल."

हसू फुटलं. मीही हसले. मला वाटलं, झालं, आता ताईही हसतील, आम्ही सगळ्या उठू आणि सरावाला लागू. एवढीच ती गोष्ट असती तर मी आज सांगत बसले नसते. पण ताई हसल्या नाहीत. "सगळ्यांचं दुखत असेल," त्या म्हणाल्या, "तरी उल्का रांगेतच बसेल."

"का?" मी विचारलं. "गुडघा तर सगळ्यांचाच आहे."

ऋजुता बिचारी मध्ये उभी होती. तिला आमच्या ग्रुपमध्ये येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, आणि कुठं काय बोलायचं नसतं हे शिकायला आमच्याकडे दोन महिने पुरत नाहीत.

"पण गुडघ्याचा काय संबंध?" ती म्हणाली. "ते ओटीमुळे ना? ताई, तुम्हीच म्हणालात मला. खेळ झाल्यावर वहिनीसाहेब स्टेजवर सगळ्यांची ओटी भरणार, मग उल्कामावशींचं कसं करायचं म्हणून..."

पुढचं तिनं गिळलं. कुणाची तरी झांज सतरंजीवर ठेवताना वाजली. मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मला दिसलं की निम्म्यांना हे आधीच ठाऊक होतं.

प्रभाकर गेल्यावर ह्याच बायकांनी मला घरी येऊन सांगितलं होतं, आपण नाही हो मानत तसलं काही. आणि खरंच मानत नव्हत्या. फक्त फोटो निघणार असतील तर जरा मानत होत्या.

"मग तसं म्हणा ना, ताई," मी म्हटलं. "बिचाऱ्या गुडघ्यावर कशाला घेता?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं," ताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. त्याचीच मला जास्त चीड आली. "मी काय करू? भरल्या स्टेजवर तुझ्यापुढे ताट यायचं, कुणी काही बोलायचं, तुझीच शोभा व्हायची. तुझं भलंच बघितलं मी."

वैजू रांगेतून उठली. उठायला तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ती येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढे केले. "मी हिच्याशिवाय कुणाबरोबर घालत नाही. काढायचं तर जोडी काढा."

आता ताईंपुढे प्रश्न पडला. ऋजुता व्यायामशाळेत खांद्यावर वजन घेऊन बैठका मारी, पण बसफुगडीत तिसऱ्या उडीला बुडावर आपटे. शेवटी आमच्याकडे जे नेहमी होतं तेच झालं. मधला मार्ग निघाला. मी फुगडी घालायची. नमस्कार करायचा. आणि ताट आलं की आपण होऊन चार पावलं मागे सरायचं, पडद्याशी.

"कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही," ताई म्हणाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फुगडी हवी होती मला. ती हातात आल्यावर मी भांडायची थांबले, एवढं खरं.

रविवारी कार्यालय भरून वाहत होतं. आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांना नव्या पट्ट्या होत्या, आता चोरी उरली नव्हती, त्यामुळे नेसताना "तुझी सैल आहे, दे मी लावते" असं उघड चाललं होतं. खेळ रंगला. पिंगा झाला, झिम्मा झाला, कोंबड्याला टाळ्या पडल्या. मग शेवटची बसफुगडी. वैजूचे हात माझ्या हातात होते, घामानं निसरडे. पहिल्या काही उड्यांनंतर वाटीखाली कुणी सुरी फिरवावी तसं झालं. वैजूचे ओठ पांढरे पडले होते. "सोडू या?" मी विचारलं. "मेले तरी नाही," ती म्हणाली. आम्ही शेवटच्या ओळीपर्यंत घातली, आणि अशी घातली की पुढच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या.

गाणं थांबलं. आम्ही सगळ्या उकिडव्या राहून हात जोडले. टाळ्या थांबेनात. आणि वहिनीसाहेब दोन मुलींच्या हातात ताटं देऊन स्टेजवर चढल्या.

"उल्का," ताई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या. त्या माझ्या डाव्या हाताला होत्या, हात जोडलेले, हसू तसंच. "मागे सर."

मी उठायला गेले. गुडघ्यानं ऐकलं नाही. पुन्हा जोर केला. नाही.

"उठता येत नाही, ताई."

"नाटकं नको. ताट आलं."

"मग तुम्ही उठून दाखवा."

ताईंनी प्रयत्न केला. मी त्यांच्या मानेवरची शीर बघितली. त्यांच्या पलीकडे मंगल तोंडातून "आई आई" करत होती. जोशीकाकूंची पट्टी घोट्यापर्यंत पोचली होती. आमच्यातली एकही उठू शकत नव्हती, ऋजुता सोडून, आणि ती शहाणी सगळ्या बसल्यात म्हणून शिस्तीत बसून राहिली होती.

"बघा," वहिनीसाहेब माइकवर म्हणाल्या, "केवढी नम्रता! ओटी घ्यायला बसूनच राहिल्यात. ह्याला म्हणतात संस्कार." पुन्हा टाळ्या. मग त्या स्वतः वाकून एकेकीची ओटी भरू लागल्या.

वैजूनंतर माझ्यापुढे आल्या. त्यांनी माझा गळा बघितला, कपाळ बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. त्यांचं बोट क्षणभर थांबलं एवढं मी बघितलं. मग त्यांनी कुंकू लावलं. दोन वर्षांत मला कुणी आपल्या हातानं कुंकू लावलं नव्हतं. मला रडू आलं, आणि एवढ्याशा गोष्टीनं रडू आलं ह्याचा रागही आला. मी कमरेचा पदर सोडवला आणि दोन्ही हातांनी पसरला. त्यात खण पडला, नारळ पडला, तांदूळ पडले.

"छान खेळलात," त्या म्हणाल्या आणि ताईंकडे वळल्या, मग पुढे गेल्या.

ओट्या झाल्या, टाळ्या झाल्या, पुढचा ग्रुप बाजूला ताटकळत उभा राहिला. एकमेकींना धरून एकेक जण उठू लागली. मला वैजूनं खांदा दिला. मी उभी राहिले, गुडघे थरथरत होते, पण उभी राहिले. ताई अजून तिथंच होत्या, मधोमध. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला.

"उल्का, जरा हात दे गं."

माझा पदर भरलेला होता. मी तो दोन्ही हातांनी धरला होता.

"थांबा जरा, ताई," मी म्हटलं. "माझे हात मोकळे नाहीत."